ऑटोक्लेव्हमधून बाहेर आलं म्हणजे झालं का?

शस्त्रक्रियेनंतर एकाच वेळी अनेक रुग्णांना त्रास झाल्याची बातमी आली की पहिला संशय उपकरणांवर जातो. ‘नीट उकळली नसतील’ असं कुणीतरी म्हणतं आणि बाकीच्यांना ते पटतं. मग रुग्णालयाचा खुलासा येतो: सगळी उपकरणं ऑटोक्लेव्ह केलेली होती, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रातून काढलेली होती, नोंदी तपासून पाहा. वाचणाऱ्याला वाटतं, दोघांपैकी एक नक्की खोटं बोलतोय. पण दोघंही खरं बोलत असतील, असंही होऊ शकतं. यंत्र ठरल्याप्रमाणे चाललं, नोंदी खऱ्या आहेत आणि तरीही उपकरण रुग्णाला बाधलं, हे अशक्य नाही. ते कसं, हे समजून घ्यायचं तर निर्जंतुकीकरणात काय होतं याच्या इतकंच काय होत नाही, हेही पाहावं लागतं.

धुणं, जंतुनाशन आणि निर्जंतुकीकरण

बोलताना आपण हे तिन्ही शब्द कसेही वापरतो. रुग्णालयात मात्र ती तीन वेगळी कामं आहेत. धुणं म्हणजे रक्त, स्राव, चरबी, धूळ काढून टाकणं. जंतुनाशन म्हणजे बहुतेक रोगजंतू मारणं. काही चिवट जीव त्यातून वाचणार, हे तिथे गृहीतच धरलेलं असतं. निर्जंतुकीकरण म्हणजे त्या चिवट जीवांसकट जिवंत असं काहीही मागे न ठेवणं.

सगळ्याच वस्तूंना शेवटचा टप्पा लागत नाही. कशाला काय लागतं, याची एक साधी विभागणी अर्ल स्पॉल्डिंग या अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने केली. १९६८ साली मांडलेली ती विभागणी आजही जगभरातल्या नियमांच्या मुळाशी आहे. जे उपकरण रक्तात किंवा शरीराच्या आतल्या ऊतींमध्ये शिरतं (सुरी, चिमटे, सुई, कृत्रिम सांधा), ते निर्जंतुकच हवं. जे तोंड, अन्ननलिका, श्वासनलिका यांच्या ओलसर अस्तराला टेकतं, त्याला कडक जंतुनाशन तरी हवंच. आणि जे फक्त अखंड त्वचेला लागतं, जसा रक्तदाब मोजण्याचा पट्टा, ते स्वच्छ पुसलं तरी चालतं. यातला मधला गट जरा लक्षात ठेवा, पुढे सगळ्यात जास्त डोकेदुखी त्याचीच आहे.

उकळलं तर काय बिघडलं?

उकळतं पाणी १०० अंश सेल्सिअसच्या पुढे जात नाही. उंच डोंगराळ भागात तर त्याच्याही आधी उकळतं. तेवढ्या उष्णतेने नेहमीचे जिवाणू आणि बहुतेक विषाणू काही मिनिटांत संपतात. अडतं ते बीजाणूंपाशी. काही जिवाणू परिस्थिती प्रतिकूल झाली की जाड आवरणांच्या आत स्वतःला बंद करून घेतात. आतला गाभा जवळजवळ कोरडा, सगळे व्यवहार बंद. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. धनुर्वाताचा आणि गॅस गँगरीनचा जिवाणू याच प्रकारातले आहेत. बीजाणू वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात आणि काहींना तासनतास उकळलं तरी मरत नाहीत. मात्र जखमेसारखी उबदार, ओली जागा मिळाली की ते पुन्हा जागे होतात.

जॉन टिंडल या शास्त्रज्ञाने १८७७ च्या सुमारास यावर एक हुशार तोड काढली होती. तीन दिवस रोज थोडा वेळ तापवायचं. पहिल्या दिवशी जागे जिवाणू मरतात, रात्रीतून बीजाणू उगवून पुन्हा नाजूक होतात, ते दुसऱ्या दिवशी मरतात, आणि राहिलेसाहिलेले तिसऱ्या दिवशी. कल्पना छान आहे, पण ती चालते पोषक द्रावणांमध्ये, जिथे बीजाणूंना उगवायला काही खायला मिळतं. कोरड्या चिमट्यावर बसलेला बीजाणू उगवण्याच्या भानगडीत पडतच नाही.

वाफच का, आणि दाब कशाला?

इथे घरातला कुकर डोळ्यासमोर आणा. बंद भांड्यात वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की पाणी १०० च्या पुढे तापू शकतं. ऑटोक्लेव्ह हा त्याचा थोरला भाऊ. लुई पाश्चर यांचे सहकारी शार्ल शांबरलां यांनी १८७९ मध्ये तो तयार केला. आतला दाब बाहेरच्या हवेच्या साधारण दुप्पट झाला की वाफ १२१ अंशांवर पोचते, तिप्पट झाला की १३४ वर. जंतू मारते ती उष्णता. दाबाचं काम फक्त उष्णता तिथवर नेण्याचं.

पण मग वाफच का, नुसती गरम हवा का नको? गरम हवेनेही काम होतं, पण तिला १६० अंशांवर दोन तास लागतात. तेच काम वाफ १२१ अंशांवर पंधरा-वीस मिनिटांत करते आणि १३४ वर तर तीन-चार मिनिटांत. कारण वाफ स्वतःबरोबर प्रचंड उष्णता घेऊन येते. उकळत्या पाण्याची वाफ करायला जी उष्णता खर्च होते, ती तेच पाणी शून्यापासून उकळीपर्यंत आणायला लागणाऱ्या उष्णतेच्या पाचपटीहून जास्त असते. वाफ थंड धातूला टेकून तिचं पाणी झालं की ही सगळी उष्णता त्या जागी सुटते. शिवाय वाफेचं पाणी होताना तिचं आकारमान शेकडो पटींनी घटतं, तिथे पोकळी होते आणि मागची वाफ आपोआप आत ओढली जाते. त्यात ओलाव्यामुळे जंतूंमधली प्रथिनं कोरड्या उष्णतेपेक्षा कितीतरी लवकर गोठतात.

म्हणजे वाफेचा स्पर्श झाला तरच काम होतं, आणि नेमकी इथेच हवा आडवी येते. कुकरमधून वाफेची धार यायला लागल्यावर शिटी लावतात ती उगीच नाही. आधी आतली हवा बाहेर पडायला हवी. ऑटोक्लेव्हमध्ये हवा अडकून राहिली तर दाबाचा काटा बरोबर आकडा दाखवतो, पण तापमान मागे राहतं. अर्धीच हवा निघाली असेल तर १२१ च्या दाबाला प्रत्यक्षात ११२ अंशांच्या आसपासच उष्णता मिळते. कापडाच्या घडीत किंवा पोकळ नळीत हवेचा एक बुडबुडा उरला, तर तेवढ्या जागेला वाफ शिवतही नाही.

याची किंमत काय असू शकते, हे १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या प्लिमथ इथे दिसलं. शिरेतून द्यायच्या डेक्स्ट्रोजच्या बाटल्यांमध्ये जिवाणू वाढलेले सापडले आणि पाच रुग्णांच्या मृत्यूशी त्या बाटल्यांचा संबंध जोडला गेला. चौकशीत निघालं ते असं: कारखान्यातल्या ऑटोक्लेव्हच्या तळाशी हवा अडकली होती, त्यामुळे खालच्या बाटल्या पुरेशा तापल्याच नव्हत्या. एका तापमापकाचा आकडा चढत नव्हता. पण तोच बिघडला असावा असं समजून दुसऱ्या मापकांवर विसंबून काम पुढे नेलं गेलं. हा विषय शिकवताना मी हीच घटना सांगेन. यंत्राने खरं सांगितलं होतं, माणसांना ते खोटं वाटलं.

आता मोठ्या ऑटोक्लेव्हमध्ये पंपाने हवा पुन्हा पुन्हा ओढून काढतात, आणि रोज पहिल्या फेरीआधी एक चाचणी घेतात. एडिंबरामधल्या बोवी आणि डिक यांनी १९६३ मध्ये ती सुचवली. घडी केलेल्या कापडांच्या गठ्ठ्याच्या मध्यभागी रंग बदलणारा कागद ठेवायचा. रंग सगळीकडे सारखा बदलला तर वाफ मधोमध पोचली. मध्ये फिकट डाग राहिला तर तिथे हवा होती, आणि त्या दिवशी ते यंत्र बंद.

‘शंभर टक्के’ का म्हणत नाहीत?

बीजाणूंचा गठ्ठा तापवला तर ते सगळे एका क्षणी मरत नाहीत. ठरावीक वेळात दहातले नऊ मरतात. पुन्हा तेवढ्याच वेळात उरलेल्यांतले दहातले नऊ. वाफेच्या चाचणीसाठी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस नावाचा चिवट जिवाणू वापरतात. १२१ अंशांवर त्याच्या बीजाणूंना हा एक टप्पा पार करायला साधारण दीड-दोन मिनिटं लागतात.

दीड मिनिट धरून हिशेब करू. सुरुवातीला दहा लाख बीजाणू. दीड मिनिटाने एक लाख, तीन मिनिटांनी दहा हजार, आणि नवव्या मिनिटाला एक. आणखी दीड मिनिटाने? गणिताने ०.१. बीजाणूचा दहावा भाग कसा असेल? अर्थ असा, की अशी दहा उपकरणं घेतली तर त्यांतल्या एकावर एक बीजाणू जिवंत असू शकतो. असंच पुढे जात अठराव्या मिनिटाला आपण दहा लाखांत एक या शक्यतेपर्यंत येतो. जगभर ‘निर्जंतुक’ हे लेबल लावायला हीच पातळी मानलेली आहे. शून्य कधीच येत नाही, कारण दहाने कितीही वेळा भागलं तरी शून्य होत नाही.

दहा लाखांत एक ही शक्यता व्यवहारात नगण्य आहे, त्यामुळे याने घाबरून जायचं काही कारण नाही. पण या हिशेबात एक अट दडलेली आहे: सुरुवातीचा आकडा. दहा लाखांऐवजी शंभर कोटी जंतूंनी माखलेलं उपकरण आत गेलं, तर त्याच अठरा मिनिटांत ते हजारात एक इथवरच पोचेल. यंत्राने तितकंच काम केलं, पण निकाल हजार पटींनी वाईट.

मग बाहेर आल्यावर तपासत का नाहीत?

हा प्रश्न अगदी रास्त आहे. पण तपासायचं म्हणजे पाकीट उघडून उपकरण पोषक द्रावणात बुडवायचं आणि दिवसच्या दिवस वाट पाहायची. तोवर ते उपकरण निर्जंतुक राहिलेलं नसतं. म्हणून काही नमुनेच तपासायचे म्हटलं, तर गणित दगा देतं. हजारो पाकिटांच्या साठ्यात शंभरातलं एक दूषित आहे असं समजा. त्यातली वीस पाकिटं उघडून तपासली, तर वीसच्या वीस निर्दोष निघण्याची शक्यता तब्बल ८२ टक्के आहे.

म्हणून वस्तूऐवजी प्रक्रिया तपासतात. प्रत्येक फेरीचं तापमान, दाब आणि वेळ यांची नोंद ठेवतात. पाकिटात रंग बदलणारी पट्टी घालतात. आणि ठरलेल्या अंतराने त्या चिवट जिवाणूच्या बीजाणूंची छोटी कुपी आत ठेवून, नंतर ती उबवून, काही उगवतं का हे पाहतात. नेहमीच्या पद्धतीत याला एक-दोन दिवस लागायचे. आता काही तासांत किंवा त्याहूनही लवकर उत्तर देणाऱ्या कुप्या मिळतात.

जाता जाता पाकिटावरच्या चिकटपट्टीबद्दल. तिच्यावरच्या फिक्या रेघा काळ्या झाल्या म्हणजे माल निर्जंतुक झाला, असा समज रुग्णालयातल्या काही कर्मचाऱ्यांमध्येही असतो. ती पट्टी एवढंच सांगते की हे पाकीट यंत्रात जाऊन आलंय. आत पुरेशी वाफ पुरेसा वेळ पोचली की नाही, हे तिला कळत नाही.

सगळ्यात दुर्लक्षित काम: धुणं

ऑटोक्लेव्ह दिमाखदार दिसतो, पाहुण्यांना दाखवता येतो. त्याच्या आधीची धुण्याची जागा ओली, कोंदट आणि कुणाला फारशी न आवडणारी. माझ्या मते निम्मं निर्जंतुकीकरण त्या मोरीतच ठरतं.

सुकलेल्या रक्ताच्या पापुद्र्याखाली वाफ नीट शिरत नाही. खारट द्रावण सुकून स्फटिक झाले की त्यांच्या आत अडकलेल्या बीजाणूंना चिलखतच मिळतं. उपकरण न धुता बराच वेळ ओलं पडून राहिलं तर जिवाणू स्वतःच एक चिकट थर विणून त्यात राहायला लागतात. याला बायोफिल्म म्हणतात, आणि तो एकदा पक्का झाला की रसायनंही त्याच्यापुढे हात टेकतात. म्हणून शस्त्रक्रिया संपल्याबरोबर उपकरणं ओलसर ठेवून लगेच धुवायला पाठवायची असतात. आधी गार पाण्याने, कारण गरम पाणी थेट ओतलं तर रक्तातली प्रथिनं गोठून धातूला चिकटून बसतात. मग प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमच्या द्रावणात भिजवणं, ब्रशने घासणं, सांधे उघडून आत पाणी खेळवणं, आणि बारीक खाचांसाठी अल्ट्रासॉनिक टाकी. या टाकीत ध्वनिलहरींनी असंख्य सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि खाचेतली घाण सुटी होते. शेवटी शुद्ध पाण्याने खळखळून धुवायचं आणि कोरडं करायचं.

गर्दीच्या दिवशी, पुढचा रुग्ण टेबलावर वाट पाहत असताना, यातल्याच एखाद्या पायरीवर वेळ वाचवला जातो. ऑटोक्लेव्हची मिनिटं यंत्र मोजतं. ब्रशची मिनिटं कोण मोजणार?

वाफ न सोसणाऱ्या वस्तू

प्लास्टिकच्या नळ्या, कॅमेरे, इलेक्ट्रॉनिक भाग १२१ अंशांना वितळतात किंवा बिघडतात. त्यांच्यासाठी वेगळे मार्ग आहेत आणि प्रत्येकाचं काही ना काही दुखणं आहे.

इथिलीन ऑक्साइड हा वायू ४० ते ६० अंशांवर काम करतो आणि अरुंद नळीतही शिरतो. अमेरिकेत निर्जंतुक केल्या जाणाऱ्या वैद्यकीय वस्तूंपैकी जवळपास निम्म्या याच वायूने होतात. पण हा वायू स्फोटक आहे, माणसात कर्करोग घडवणारा म्हणून त्याची नोंद आहे आणि तो प्लास्टिकमध्ये मुरून बसतो. त्यामुळे काही तासांच्या प्रक्रियेनंतर तो बाहेर पडावा म्हणून वस्तू गरम हवेत आणखी कित्येक तास ठेवाव्या लागतात. वास आल्यावर कळेल, या भरवशावर राहता येत नाही. वास येईपर्यंत कामगारांसाठीची सुरक्षित मर्यादा कैक पटींनी ओलांडलेली असते.

हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ किंवा तिचा प्लाझ्मा (रक्तातला नव्हे, विद्युतभारित कणांचा वायू) साधारण ५० अंशांवर तासाभरात काम उरकतो, आणि मागे पाणी व ऑक्सिजनच उरतो. ऐकायला सगळ्यात चांगला मार्ग. पण कागद आणि सुती कापड ही वाफ शोषून घेतात, म्हणून ते आत चालत नाहीत. लांब, बारीक नळीच्या टोकापर्यंत ती पोचेलच असं नाही. आणि उपकरण जरा ओलं असलं तरी फेरी रद्द होते.

कारखान्यातून सीलबंद येणाऱ्या सिरिंज, हातमोजे, टाके यांच्यासाठी बहुतेकदा कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरतात. नेहमीची मात्रा २५,००० ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक). उपचार न मिळाल्यास माणसाला चार-पाच ग्रेही जीवघेणे ठरू शकतात, यावरून अंदाज यावा. ‘मग ती सिरिंज किरणोत्सारी होत असेल’ अशी भीती अनेकांना वाटते. तसं होत नाही. हे किरण रेणू तोडतात, पण अणूच्या केंद्रकात बदल घडवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. त्यांचा खरा तोटा वेगळा: काही प्लास्टिक पिवळी पडतात, ठिसूळ होतात, आणि टेफ्लॉनची तर पार वाट लागते.

दुर्बिणींचं दुखणं

मघाशी सांगितलेला मधला गट तो हाच. पोटात, आतड्यात, फुफ्फुसात घालायच्या लवचीक दुर्बिणी म्हणजे मीटरभर लांब, आत काही मिलिमीटर रुंदीच्या वाहिन्या, टोकाला कॅमेरा. वाफेत ठेवल्या तर संपल्या. म्हणून त्या धुऊन रसायनात बुडवतात, म्हणजे जंतुनाशन करतात. निर्जंतुकीकरण बहुतेक वेळा होत नाही. दोन टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये वीस मिनिटांत जंतुनाशन होतं. त्याच द्रावणात बीजाणूंसकट सगळं मारायचं तर दहा तास लागतात. एवढा वेळ कुणाकडेच नसतो.

पित्तनलिकेच्या तपासणीसाठी वापरतात त्या ड्युओडेनोस्कोपच्या टोकाला एक इवलासा हलणारा खटका असतो. २०१५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला, की या खटक्याच्या रचनेमुळे तिथली घाण नीट निघत नाही आणि प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे गेले आहेत. निर्मात्याच्या सूचना तंतोतंत पाळूनही हे घडत होतं. पुढे उत्पादकांना पाहण्या करायला लावल्या, तेव्हा रीतसर स्वच्छ केलेल्या दुर्बिणींच्या नमुन्यांपैकी ५ टक्क्यांच्या आसपास नमुन्यांत काळजी करण्याजोगे जंतू सापडले. २०१९ मध्ये त्या प्रशासनाने रुग्णालयांना सांगितलं, की टोकाचा भाग किंवा अख्खी दुर्बीणच एकदा वापरून टाकून देता येईल अशा रचनेकडे वळा. चूक धुणाऱ्याची नव्हती; उपकरण आखताना ते धुणार कसं, हा विचारच मागे पडला होता.

जंतू मेले, पण त्यांचं विष?

समजा सगळं नीट झालं, एकही जंतू जिवंत नाही. तरी धोका राहतो. काही जिवाणूंच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचं द्रव्य असतं. जिवाणू मेला तरी ते उरतं, आणि १२१ अंशांच्या वाफेला ते दाद देत नाही. ते निकामी करायला २५० अंशांची कोरडी उष्णता अर्धा तास द्यावी लागते. रक्तात शिरलं तर थंडी वाजून ताप येतो, रक्तदाब कोसळू शकतो.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत याचं एक खास रूप दिसतं. पहिल्या एक-दोन दिवसांतच डोळ्याचा पुढचा भाग सुजतो, नजर धूसर होते, पण डोळ्यातल्या पाण्यात जिवाणू मात्र सापडत नाहीत. डॉक्टर याला टास म्हणतात. कारणं शोधली की अनेकदा सापडतं ते असं: अल्ट्रासॉनिक टाकीतलं पाणी वेळेवर बदललेलं नाही आणि त्यात जिवाणू वाढून मेलेले आहेत, किंवा बारीक नळीत धुण्याच्या द्रावणाचा अंश राहून गेला आहे. उपकरणं निर्जंतुक असतात, स्वच्छ नसतात. सुरुवातीला म्हटलेली, रुग्णालय आणि तक्रार करणारे दोघंही खरं बोलत असल्याची स्थिती बरोबर हीच. (जिवाणूंमुळे डोळ्यात होणारा संसर्ग वेगळा, तो सहसा काही दिवसांनी दिसतो आणि त्यावरचे उपचारही वेगळे. दोन्हींत डोळा तातडीने दाखवणं गरजेचंच.)

जे मुळात जिवंतच नाही, ते मारणार कसं?

निर्जंतुकीकरणाची सगळी कल्पना जीव मारण्यावर उभी आहे. प्रायॉन म्हणजे चुकीच्या आकारात दुमडलं गेलेलं एक प्रथिन. त्यात डीएनए नाही, आरएनए नाही, जीव नाही. पण मेंदूतल्या तशाच निरोगी प्रथिनांना ते आपल्यासारखं वाकडं करत जातं. क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा जीवघेणा मेंदूविकार त्यातूनच होतो. ही संकल्पना १९८२ मध्ये मांडणारे स्टॅन्ली प्रुसिनर यांना १९९७ चं नोबेल मिळालं.

त्याआधीच, १९७७ साली, झुरिकमधल्या एका घटनेचं वर्णन प्रसिद्ध झालं होतं. या विकाराच्या एका महिलेच्या मेंदूत वापरलेले इलेक्ट्रोड अल्कोहोल आणि फॉर्मल्डिहाइडच्या वाफेने शुद्ध करून दोन तरुण रुग्णांसाठी वापरले गेले. दोघांनाही तोच विकार झाला. त्यानंतर दोन वर्षांहून अधिक काळाने, तीनदा धुऊन आणि पुन्हा पुन्हा रसायनांतून काढल्यावर, तेच इलेक्ट्रोड एका चिंपांझीच्या मेंदूत बसवले. अठरा महिन्यांनी तोही आजारी पडला. फॉर्मल्डिहाइडने तर प्रायॉन निकामी होण्याऐवजी पृष्ठभागावर आणखी पक्के बसतात.

प्रायॉनसाठी तीव्र कॉस्टिक सोडा तासभर, किंवा १३४ अंशांची वाफ नेहमीच्या तीन मिनिटांऐवजी अठरा मिनिटं, असे कडक उपाय सांगितलेले आहेत, आणि तरीही पूर्ण खात्री दिली जात नाही. त्यामुळे ज्ञात रुग्णाच्या मेंदूला लागलेली उपकरणं बहुतेक ठिकाणी सरळ जाळून टाकतात. हा विकार अतिशय दुर्मीळ आहे, एवढाच दिलासा.

‘मग तापमान आणखी वाढवा की’

वाढवता येतं, पण धारेची उपकरणं बोथट होतात, सांधे गंजतात, रबर तडकतं. आणि मघाच्या हिशेबानुसार घाण, हवा किंवा विष हीच अडचण असेल तर चार अंश जास्त देऊन काही साधत नाही. एक गमतीची गोष्ट: प्रशांत महासागराच्या तळाशी, उकळतं पाणी ओकणाऱ्या भेगांजवळ सापडलेला एक सूक्ष्मजीव प्रयोगशाळेत १२१ अंशांना चक्क वाढतो, असं २००३ मध्ये जाहीर झालं. त्याला ‘स्ट्रेन १२१’ असंच नाव पडलं. शरीराच्या तापमानाला तो वाढूच शकत नसल्याने त्याच्यापासून आपल्याला काही धोका नाही.

‘सगळंच एकदा वापरून फेका’

सुई आणि सिरिंजच्या बाबतीत हे निर्विवाद बरोबर आहे. त्यांच्या फेरवापराने कावीळ बी, सी आणि एचआयव्ही पसरल्याचा इतिहास आहे. पण शस्त्रक्रियेतला प्रत्येक चिमटा, करवत, दुर्बीण फेकायची म्हटली तर खर्च आणि कचरा दोन्ही आवाक्याबाहेर जातात. उलट बाजूने, एकदाच वापरायच्या वस्तू धुऊन पुन्हा वापरणं यात वेगळीच जोखीम आहे: त्या उघडून साफ करता येतील अशा बनवलेल्याच नसतात.

‘उपकरणं निर्जंतुक होती, तरी जखम का चिघळली?’

कारण माणूस निर्जंतुक करता येत नाही. जखमेतले बरेचसे जंतू रुग्णाच्याच त्वचेवरून, नाकातून, आतड्यातून येतात. त्वचेवर औषध लावून त्यांची संख्या घटते, पण केसांच्या मुळाशी ते राहतातच. रक्तातली साखर, धूम्रपान, शस्त्रक्रिया किती लांबली, प्रतिजैविक वेळेवर दिलं की नाही, या सगळ्याचा हिस्सा असतो. एकाच रुग्णाची जखम चिघळली तर एवढ्यावरून उपकरणांना दोष देता येत नाही. एकाच दिवशी, एकाच टेबलावरच्या चार-पाच रुग्णांना सारखाच त्रास झाला, तर मात्र उपकरणं, द्रावणं आणि पाणी यांच्याकडेच आधी पाहावं लागतं.

पाकिटावरची तारीख आणि क्रमांक

निर्जंतुक पाकीट तारीख उलटली की आपोआप दूषित होतं असं नाही. ते बिघडतं भिजण्याने, फाटण्याने, हाताळणीने. ओलं पाकीट तर तारखेच्या आतलं असलं तरी बाद, कारण ओलाव्यातून जंतू कागद किंवा कापड पार करून आत येतात. ऑटोक्लेव्हमधून काढलेली पाकिटं गार व्हायच्या आत थंड टेबलावर रचून ठेवली की नेमकं हेच होतं.

त्या लेबलवर तारखेबरोबर यंत्राचा आणि फेरीचा क्रमांकही असतो. चांगल्या रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या वेळी ते लेबल सोलून रुग्णाच्या फाइलमध्ये चिकटवतात. शरीरात कायमचं बसवायचं रोपण असेल, तर बीजाणूंच्या कुपीचा निकाल हाती येईपर्यंत ते वापरायचं नाही, असा नियम आहे. इतर उपकरणं मात्र निकालाआधीच वापरात गेलेली असू शकतात. मग कुपीत काही उगवलं, तर त्या फेरीतली कोणती उपकरणं कोणत्या रुग्णासाठी वापरली हे त्या लेबलवरून शोधून त्यांना परत बोलावता येतं. लेबल लावलेलं नसेल, तर कुणाला बोलवायचं हेच कळत नाही. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना काही विचारायचंच असेल तर ‘ऑटोक्लेव्ह करता ना?’ ऐवजी ‘फेरीचा क्रमांक माझ्या फाइलमध्ये लागेल ना?’ असं विचारा.